नदीतील ताकदवान माशांसाठी गळाजवळच्या दोरीची निवड

(नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या मत्स्य मेळाव्यात दिलेले भाषण)



मत्स्यशेतीच्या मेळाव्यात बहुधा शेततळ्यातील बोटुकलीचे प्रमाण, खाद्य, चुना आणि शेणखत याच विषयांवर बोलले जाते. ते आवश्यकच आहे. परंतु आज येथे जमलेल्यांपैकी अनेकांच्या जमिनी नदीला लागून आहेत. पाण्याची पाळी सांभाळताना, इंजिनावर बसलेले असताना किंवा रात्री राखणीला गेले असताना आपल्यापैकी पुष्कळ जण नदीत गळ टाकतात. काहींचा तो नाद आहे, काहींच्या घरात त्यामुळे आठवड्यातून दोनदा कालवण होते, तर काहींच्या हातात बाजाराच्या दिवशी चार पैसे येतात. या सर्वांची एक तक्रार मात्र सारखी असते. मोठा मासा लागला होता, पण तोडून गेला.

यावर दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो की, जाड दोरी घ्या. शेतकरी जाड दोरी घेतो. मग लहान मासे गळाला तोंड लावीत नाहीत आणि मोठा मासा लागलाच तर तो पुन्हा तोडतो, फक्त या वेळी दहा-पंधरा मीटर दोरी बरोबर घेऊन जातो. दोरी कोठे तुटते आणि का तुटते याचा विचार केल्याशिवाय नुसती जाडी वाढवून उपयोग नाही. आज मी फक्त गळाजवळच्या शेवटच्या हात-दीड हात दोरीबद्दल बोलणार आहे. सोयीसाठी तिला आपण 'गळदोरी' म्हणू आणि काठीपासून किंवा खुंटीपासून तिच्यापर्यंत येणाऱ्या दोरीला 'मुख्य दोरी' म्हणू. दोन्हींच्या मध्ये एक फिरती कडी असते.

वेसण आणि कासरा

एकच दोरी सलग गळापर्यंत का नेऊ नये, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या गोठ्यातच आहे. बैलाने हिसका मारला आणि वेसणीजवळ तुटले तर तो मोकळा पळतो, चार शेते तुडवतो आणि शेवटी सापडतो. पण कासरा मध्येच तुटला तर लोंबता कासरा घेऊन पळणारा बैल कोठेतरी बाभळीला अडकतो आणि फास बसून मरतो. माशाचे तसेच आहे. गळाजवळ तुटले तर माशाच्या ओठात एक गळ आणि वीतभर दोरी राहते. पुष्कळ मासे त्यातून वाचतात. मुख्य दोरी वर कोठेतरी तुटली तर तो मासा लांब शेपूट ओढत खडकात शिरतो, दोरी कपारीत गुंतते आणि मासा तेथेच तडफडून मरतो. तो आपल्याला मिळत नाही आणि नदीलाही राहत नाही.

म्हणून गळदोरीचा पहिला नियम असा की, ती मुख्य दोरीपेक्षा निश्चितपणे कमजोर असली पाहिजे. दुसरा नियम असा की, ज्या माशासाठी आणि ज्या पाण्यात गळ टाकायचा त्याला ती पुरली पाहिजे. हे दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध वाटतात आणि निवडीचे सर्व कौशल्य त्यांचा मेळ घालण्यातच आहे. बहुतेक जण गळदोरीपासून सुरुवात करून मुख्य दोरीकडे जातात. माझ्या मते क्रम उलटा असावा. आधी पाणी आणि खडक पाहून मुख्य दोरी ठरवावी, मग तिच्याहून एक पायरी खाली गळदोरी घ्यावी.

मासा कोणता आहे?

आपल्या नद्यांतील सर्वांत ताकदवान मासा म्हणजे खडची, ज्याला हल्ली सगळे महसीर म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव देताना इथले मराठी नावच वापरले. आजही त्याचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' असेच आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत किंवा वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे देवाचे मासे म्हणून हे मासे राखलेले आहेत. तेथे गळ टाकायचा नसतो, पण त्यांचा आकार आणि पाण्यातील वेग काठावर उभे राहून पाहण्यासारखा आहे.

महसीरच्या जबड्यात दात नसतात. ओठ जाड आणि मांसल असतात. त्यामुळे ओठात लागलेल्या गळाची दोरी तो चावून तोडू शकत नाही. त्याचे दात घशात असतात आणि त्यांनी तो खेकडे व शिंपले फोडून खातो. गळ घशापर्यंत गेला तर मात्र दोरी काय, गळसुद्धा वाकतो किंवा मोडतो. तेव्हा महसीरच्या बाबतीत दोरी तुटते ती दातांमुळे फार क्वचित. गळ लागताच तो धारेच्या दिशेने खाली जी पहिली धाव घेतो, त्या धावेत दोरी दगडाच्या धारेवर घासते आणि बहुतेक वेळा तेथेच तुटते.

शिवड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे तोंड मोठे आणि जबड्यावर बारीक दातांचे पट्टे असतात, जणू कानस. तो दोरी एका झटक्यात कापत नाही, खरवडतो. पाच मिनिटे झुंज चालली की गळाजवळची तीन-चार बोटे दोरी पिंजल्यासारखी होते आणि शेवटी काठाजवळ, अगदी हाताशी आल्यावर तुटते. शिंगाळ्याच्या छातीच्या पराच्या काट्याला करवतीसारखे दाते असतात आणि तो गिरक्या घेत दोरी अंगाभोवती गुंडाळतो. वाम आणि अहीर पीळ घालण्यात त्याच्याही पुढे. कटला, रोहू आणि मृगळ धरणाच्या फुगवट्यात मोठे होतात व जोरही चांगला लावतात, पण त्यांच्या तोंडाने दोरीला इजा होत नाही आणि ते बहुधा खुल्या पाण्यात असतात. त्यांच्यासाठी बारीक गळदोरी चालते, किंबहुना बारीकच हवी, कारण ते आमिष चाखून सोडून देतात.

वजन आणि ओढ या दोन गोष्टी आहेत

दहा किलोच्या माशाला दहा किलोची दोरी हवी, असा समज आहे. तो बरोबर नाही. पाण्यात माशाचे वजन हाताला जवळजवळ लागतच नाही, कारण त्याचे शरीर पाण्याशी तोललेले असते. हाताला लागते ती त्याच्या शेपटीची ओढ आणि त्याच्या अंगावर आदळणारी धार. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धारेचा जोर चौपट होतो. म्हणजे डोहात जो मासा बारीक दोरीवर आरामात येतो, तोच खळाळात आडवा झाला तर तीच दोरी तोडतो. यासाठी नदीचा कोणता भाग आहे हे आधी पाहावे.

दुसरी बाब हिसक्याची. सावकाश वाढणारी ओढ दोरी सोसते, पण अचानक बसलेला झटका सोसत नाही. काठी वाकते, चक्री थोडी दोरी सोडते, तंगूस ताणला जातो, या तिन्हींमुळे झटका मऊ होतो. चक्रीचा अटकाव गळदोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच ठेवावा. गळदोरी बारा किलोची असेल तर तीन-चार किलो ओढीला चक्रीने दोरी सोडलीच पाहिजे. घरातील स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढला की हे एका मिनिटात तपासता येते. अटकाव घट्ट आवळून 'आता बघतो कसा जातो' म्हणणाऱ्याचा मासा सर्वांत आधी जातो.

दोरी कशाची असावी?

नायलॉन येण्यापूर्वी आपल्याकडे तागाच्या आणि सुताच्या दोऱ्या वापरीत. साहेब लोक गळाजवळ रेशमाची तात लावीत. तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांना ऐकून नवल वाटेल, पण ही तात कोषाच्या धाग्याची नसे. कोष विणण्याच्या बेतात असलेली अळी शिरक्यात भिजवून तिच्या पोटातील रेशीमग्रंथी बाहेर काढीत आणि ती ओढून एक लांब, चिवट, पारदर्शक तार करीत. स्पेनमधील मुर्सिया भागात हा धंदा मोठा होता. ती तात वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवावी लागे, नाहीतर गाठीत तडकन तुटे. १९३५ साली अमेरिकेत नायलॉन तयार झाले आणि पुढे हा धंदा बसला.

आपण ज्याला तंगूस म्हणतो तो एकपदरी नायलॉनचा धागा. गळदोरीसाठी माझी पहिली पसंती आजही त्यालाच आहे. तो तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शाने ताणला जातो, गाठ चांगली धरतो आणि कोठेही मिळतो. त्याचे दोन दोष आहेत. तो पाणी पितो आणि ओला झाला की दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो. शिवाय उन्हात पडून राहिला की कमजोर होतो. दुकानाच्या दारात उन्हाला टांगलेले रीळ स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

दुसरा प्रकार फ्लुओरोकार्बनचा. तो तंगुसासारखाच दिसतो, परंतु पाणी पीत नाही, पाण्यात लवकर बुडतो, खडकाचे घासणे जास्त सोसतो आणि निवळ पाण्यात कमी दिसतो. हिवाळ्यात नदी नितळ असताना महसीरसाठी हा चांगला. पण तो ताठ असतो, किंमत जास्त असते आणि गाठ कोरडी आवळली तर हमखास दगा देतो. संपूर्ण चक्री त्याने भरण्याची गरज नाही. गळदोरीपुरता थोडा घेतला तरी पुष्कळ दिवस पुरतो.

तिसरा प्रकार विणीच्या दोरीचा. ही अतिशय मजबूत अशा पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली असते. तेवढ्याच जाडीच्या तंगुसापेक्षा ती कितीतरी बळकट असते आणि जवळजवळ ताणली जात नाही. पाकिटावरचा किलोचा आकडा पाहून शेतकरी भुलतो. मुख्य दोरी म्हणून खुल्या पाण्यात ती ठीक आहे. परंतु आपल्या नद्यांच्या पात्रात काळा पाषाण आहे आणि त्याच्या फुटलेल्या कडा कोयत्यासारख्या असतात. ताणलेली बारीक विणीची दोरी त्या कडेवर आली की लगेच कापली जाते. कावेरीत तर खडकांवर शिंपल्यांचे थर असतात. तेथे महसीरमागे लागणारे जुने गळकरी जाड एकपदरी दोरीच पसंत करीत, त्याचे कारण हेच. याशिवाय विणीची दोरी माशाच्या अंगात आणि आपल्या बोटात रुतते. खडकाळ पाण्यात गळदोरीसाठी ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाळाच्या किंवा वाळूच्या तळाला मात्र तिचा मऊपणा उपयोगी पडतो.

शिवड्यासाठी गळाला लागून वीतभर पिळाची बारीक पोलादी तार घ्यावी आणि तिच्या वर तंगुसाची गळदोरी ठेवावी. तारेमुळे दात निकामी होतात व कमजोर जागा तंगुसातच राहते. एकेरी जाड तार एकदा मुरडली की त्याच ठिकाणी तुटते, म्हणून ती नको.

जाडीचा हिशेब

दोरीची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ०.३० मि.मी. ऐवजी ०.४० मि.मी. दोरी घेतली तर जाडी एक तृतीयांशाने वाढली, पण ताकद सुमारे पावणेदोन पट झाली. ०.३५ वरून ०.५० वर गेले तर ती दुप्पट होते. चांगल्या प्रतीचा ०.४० मि.मी. तंगूस कोरडा असताना साधारण १० ते १२ किलोची ओढ सोसतो. त्यावरून बाकीचा अंदाज काढता येतो.

आता एक पायरी खाली म्हणजे किती? मुख्य दोरी ०.५० मि.मी. आणि गळदोरी ०.४५ मि.मी. घेतली तर गळदोरीची ताकद मुख्य दोरीच्या सुमारे ८१ टक्के राहते. एवढा फरक पुरेसा आहे. खडकाळ धारेतील महसीरसाठी ही जोडी मी सुचवीन. मोठे दगड आणि वेगवान धार असेल तर ०.६० व ०.५० अशी जोडी घ्यावी. धरणाच्या फुगवट्यात, गाळाच्या तळाला कटला-रोहूसाठी ०.४० व ०.३५ भरपूर झाली.

या हिशेबाला एक मोठा धोका आहे. गळ फेकताना मुख्य दोरीला कधीकधी आपोआप साधी गाठ बसते. ती दिसत नाही आणि दिसली तरी 'असू दे' म्हणून सोडली जाते. साध्या गाठीने दोरीची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे शंभराची मुख्य दोरी पन्नासाची झाली आणि एक्क्याऐंशीची गळदोरी तिच्यापेक्षा बळकट ठरली. मग दोरी गळाजवळ न तुटता त्या गाठीत, तीस हात लांब तुटते. वेसण-कासऱ्याचा सारा हिशेब एका गाठीने उलटतो. म्हणून दर वेळी दोरी गोळा करताना ती दोन बोटांच्या चिमटीतून सोडावी. गाठ किंवा खरवड लागली की तेवढी दोरी कापून टाकावी. कितीही नवी असली तरी.

बादलीची कसोटी

पाकिटावर लिहिलेली जाडी आणि किलो यांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. घरच्या घरी कसोटी घेता येते व तिला काही खर्च नाही. दोरीचा दीड हात तुकडा रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा. सकाळी त्याच्या एका टोकाला आपण नेहमी बांधतो त्याच गाठीने गळ बांधावा आणि तो गळ गोठ्याच्या मजबूत आढ्याला लावलेल्या गुळगुळीत कडीत अडकवावा. दुसरे टोक बादलीच्या कडीला सात-आठ वेढे देऊन मग बांधावे, म्हणजे तेथे तुटणार नाही. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असावी. मग लिटरच्या मापाने सावकाश पाणी ओतत जावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादलीचे वजन आधी तोलून त्यात मिळवावे. बादली भरूनही दोरी तुटली नाही तर तिच्यात मापे किंवा तोललेले दगड घालावेत. गळाची टोके डोळ्यांच्या पातळीला येतात, तेव्हा तोंड दूर ठेवावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

अशी कसोटी तीन वेळा घ्यावी आणि तिन्हींपैकी सर्वांत कमी आकडा खरा मानावा. पाकिटावर १२ किलो असेल आणि कसोटीत ९ किलोला तुटत असेल तर आपल्यासाठी ती दोरी ९ किलोची. मुख्य दोरीचीही कडीच्या गाठीसह अशीच परीक्षा करावी. दोन्हींचे आकडे शेजारी मांडले की कोणती दोरी आधी तुटणार हे नदीवर जाण्यापूर्वीच कळते.

गाठ

कसोटीत बहुधा दोरी मध्ये तुटत नाही, गाठीतच तुटते. त्यामुळे गाठीकडे दुर्लक्ष करून महाग दोरी घेणे म्हणजे पाझरत्या पाटाला मोठे इंजिन लावण्यासारखे आहे. नेढ्याच्या गळासाठी पिळाची गाठ शिकून घ्यावी. दोरी नेढ्यातून ओवावी, तिचे टोक मुख्य भागाभोवती पाच वेळा गुंडाळावे, मग ते नेढ्याजवळ राहिलेल्या पहिल्या फटीतून घालावे आणि नंतर जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढावे. ०.४५ मि.मी. पेक्षा जाड दोरीला चार वेढे पुरतात. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी आणि एकसारखी ओढ देत सावकाश बसवावी. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन आतून दुखावते. वरून काही दिसत नाही. आवळल्यावर वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर गाठ कापून पुन्हा बांधावी.

चपट्या टाचेच्या गळाला नेढे नसते. त्याच्या दांड्यावर दोरीचे सात-आठ वेढे घालून टोक वेढ्यांखालून काढावे. दोरी टाचेच्या आतल्या बाजूने, म्हणजे गळाच्या टोकाकडील अंगाने निघाली पाहिजे. बाहेरून निघाली तर ती टाचेच्या धारेवर घासते.

लांबी आणि शिसे

गळदोरीची लांबी खडकाळ पाण्यात ३० ते ४५ सें.मी. पुरे. लांब गळदोरी धारेत दगडाभोवती फिरते आणि अडकते. नितळ, संथ डोहात सावध माशासाठी ती ६० ते ७५ सें.मी. पर्यंत वाढवावी, म्हणजे शिसे व कडी आमिषापासून दूर राहतात. याहून लांब करण्यात मला फायदा दिसत नाही, कारण मासा आमिष घशापर्यंत नेतो तरी काठीवर काही कळत नाही.

शिसे गळदोरीवर कधीही बांधू नये. मुख्य दोरीवर, कडीच्या वर, सरकते ठेवावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे शिसे बारीक, कच्च्या दोऱ्याने बांधणे. शिसे कपारीत अडकले तर तो दोरा तुटून फक्त शिसे जाते, मासा आणि बाकीची दोरी वाचते.

रात्री लावून ठेवलेले गळ

आपल्यापैकी पुष्कळ जण खुंटीला दोरी बांधून रात्रभर गळ लावून ठेवतात. येथे काठी नाही, चक्री नाही आणि माणूसही नाही. सगळा हिसका थेट गळदोरीवर येतो. म्हणून मुख्य दोरी दगडाला किंवा लोखंडी खुंटीला न बांधता ओल्या लवचिक फोकाला किंवा बांबूच्या शेंड्याला बांधावी, म्हणजे तो वाकून झटका घेतो. गळदोरी तंगुसाचीच असावी आणि प्रत्येक गळाला फिरती कडी असावी. शिंगाळा आणि वाम रात्रभर पीळ घालतात. कडी नसेल तर पहाटे दोरीचा गुंता आणि रिकामा गळ एवढेच हाती येते. गळ पहाटे लवकर काढावेत. उन्हे येईपर्यंत अडकलेला मासा मरतो, त्याची किंमत उतरते आणि तोपर्यंत कासव किंवा पाणकावळाही त्याच आमिषाला लागण्याची शक्यता असते.

धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. तेव्हा परवान्याची चौकशी आधी करावी. सुरुंग व विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, हे आपणास माहीत आहेच.

मोठी मादी लागली तर

महसीर पावसाळ्यात अंडी घालते आणि तीही टप्प्याटप्प्याने, वाहत्या स्वच्छ पाण्यात. धरणे, दूषित पाणी आणि सुरुंग यांनी तिच्या जागा कमी केल्या आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन करून बीज अनेक जलाशयांत सोडण्यात आले. त्यामागे मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे मोठे परिश्रम होते. तरीही आपल्या डोहातील मोठी मादी ही आपल्या नदीची बियाण्याची कणगी आहे. ती सोडून द्यावी, अशी माझी विनंती आहे. ती विकून मिळणारे पैसे एकदाच मिळतात.

सोडायची असेल तर गळदोरी फार बारीक ठेवू नये. बारीक दोरीवर झुंज लांबते, मासा पूर्ण दमतो आणि सोडल्यावरही उलटा होऊन मरतो. पुरेशा जाड दोरीने तो लवकर काठाला आणावा, हात ओले करून पाण्यातच धरावा आणि गळ काढून त्याचे तोंड धारेकडे करून स्वतः पोहून जाईपर्यंत आधार द्यावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून ठेवला तर गळ सहज निघतो. घशात गेलेला गळ उपसू नये. दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा. यासाठी न गंजणाऱ्या पोलादाचे गळ टाळावेत, कारण साधा गळ काही काळाने गंजून झडतो.

काळजी

एक मोठा मासा काढल्यावर, किंवा खडकात जोरात अडकून सुटल्यावर, गळदोरी बदलावी. ती चांगली दिसत असली तरी ताणलेला तंगूस पहिल्यासारखा राहत नाही. घरून आठ-दहा गळदोऱ्या बांधून न्याव्यात. जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यावर गळ टोचून दोरी त्याभोवती गुंडाळली की गुंता होत नाही. नदीवर, अंधुक उजेडात आणि घाईत बांधलेली गाठ नीट बसत नाही. उरलेले रीळ कोरड्या जागी, अंधारात ठेवावे. औषधाच्या फवाऱ्याजवळ किंवा डिझेलच्या डब्याजवळ ठेवू नये, कारण त्या वासाच्या दोरीने बांधलेल्या आमिषाला मासे तोंड लावीत नाहीत.

कापलेले तुकडे काठावर टाकू नयेत. नायलॉन कुजत नाही. त्यात बगळ्यांचे पाय अडकतात हे आपण पाहतोच, पण आपल्या जनावरांनाही धोका आहे. गाई-म्हशी चारा निवडून खात नाहीत. काठावरच्या गवताबरोबर तुकड्याला लागलेला गळ पोटात गेला तर तो तार-खिळ्याप्रमाणेच जठराच्या पडद्यातून पुढे हृदयापर्यंत टोचू शकतो. गळाला जाताना बरोबर झाकणाचा एक लहान डबा ठेवावा, सर्व तुकडे आणि मोडके गळ त्यात टाकावेत आणि घरी आल्यावर गळ वेगळे काढून तुकडे बोटभर लांबीचे कापून सुक्या कचऱ्यात द्यावेत.